सोनारांच्या पुलावर

आमच्या मजल्यावर पुण्याचं एक तरुण जोडपं राहतं. परवा त्यातल्या मुलीने मला लिफ्टपाशी गाठलं. "काकू, तुम्ही फ्लॉरेन्सला जाऊन आलात ना? आमच्याकडे दोनच दिवस आहेत. काय काय बघू?"

मी सांगितलं, कॅथेड्रल सकाळी लवकर गाठा. मग पुतळ्यांचा चौक. चित्रांच्या संग्रहालयाची तिकिटं आधीच काढून ठेवा. संध्याकाळी नदीपलीकडच्या टेकडीवर जा, तिथून सगळं शहर दिसतं.

"आणि तो सोन्याच्या दुकानांचा पूल?"

"तोही बघा," म्हटलं आणि घरात आले.

तो पूल बघायचा होता आमच्या ह्यांना. हे इथे बाहरीनमध्ये, मनामाच्या सूकमध्ये म्हणजे बाजारात, सोन्याच्या दुकानात सेल्समन होते. लग्न होऊन मी रत्नागिरीहून इथे आले तेव्हाही तिथेच आणि शेवटपर्यंत तिथेच. गिऱ्हाईक ज्या भाषेतलं, त्या भाषेत बोलायचे. घरी मात्र बोलणं बेताचंच. दुकानात इटालियन चेन घेऊन येणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की फ्लॉरेन्सला नदीवर एक जुना पूल आहे आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंना नुसती सोनारांची दुकानं आहेत. ते ह्यांच्या मनात बसलं. जेवताना मध्येच म्हणायचे, "पुलावर सूक. खाली नदी वाहतेय आणि वर माणसं सोनं घेतायत." पण सुट्टी मिळाली की आम्ही गावी जायचो. आधी सासूबाईंचं आजारपण, मग घराचं छप्पर, मग मुलीचं कॉलेज. पूल राहून गेला.

मग हे विसरायला लागले. एका बाईने पसंत केलेल्या बांगड्या त्यांनी दुसरीच्याच हातात दिल्या. शेठनी हसण्यावारी नेलं. पुढे एकदा दुकानातून निघाले आणि घरी पोचलेच नाहीत. आम्ही राहायचो त्या गुदैबिया भागात, आमच्याच बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एका किराणावाल्याच्या दारात बसलेले सापडले. मला बघून म्हणाले, "इथे आपलं घर होतं, कुठे गेलं?"

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हळूहळू वाढत जाईल म्हणाले. शेठ घरी आले, ह्यांचा हात हातात घेऊन बसले आणि जाताना दारात मला म्हणाले, "भाभी, अब इनको आराम करने दो." नोकरी गेली की व्हिसा जातो. म्हणजे आम्हाला बाहरीन सोडून गावी जायचं होतं.

आमची मुलगी इथेच जन्मली, इथेच नोकरी करते. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीतून देते. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "लेट्स टेक हिम, आई. नाऊ." निघण्याआधी तिने आम्हाला दोघांना फ्लॉरेन्सला नेलं.

पहिला दिवस फार चांगला गेला. कॅथेड्रल पांढऱ्या, हिरव्या, गुलाबी संगमरवराचं. हे मान वर करून बघतच राहिले. समोरच्या लहान इमारतीला सोनेरी दारं आहेत. त्यांच्याजवळ जाऊन त्यांनी डोळे बारीक केले. "मुलामा आहे," म्हणाले. "पण काम बघ कसलं केलंय." पुतळ्यांच्या चौकात एका भल्यामोठ्या नागड्या पुतळ्यासमोर मी संकोचून दुसरीकडे बघायला लागले, तर हे हसले. "अगं, बघ. त्यासाठीच उभा केलाय त्याला." त्यांना इतकं मोकळं हसताना बघून मला वाटलं, डॉक्टर चुकले असतील. दुपारी आम्ही तिघांनी पायरीवर बसून आइस्क्रीम खाल्लं. मुलीने आमचा फोटो काढला. त्यात आम्ही दोघं कुठल्याही नवरा-बायकोसारखी दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर गेलो. गर्दी अजून झाली नव्हती. दुकानदार लाकडी झडपा उघडत होते. हे एकदम ताठ झाले. शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि झपाझप चालायला लागले. आम्ही दोघी मागे. एका दुकानाचं दार उघडं होतं, ते सरळ आत शिरले आणि काउंटरच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. आतल्या बाईला सूकमधल्या अरबी मिसळलेल्या हिंदीत म्हणाले, "आज देर कर दी. यल्ला, ट्रे निकालो."

मी घाबरून आत गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी त्याआधी फक्त दुकानात पाहिलं होतं, गिऱ्हाइकांसाठीचं.

"या ताई, बसा. मराठी दिसता. काय दाखवू?"

मागे मुलगी उभी होती. तिने माझा खांदा घट्ट धरला. दुकानातल्या बाईला काय कळलं कोण जाणे, पण तिने ह्यांना बाहेर काढलं नाही. माझ्यासाठी खुर्ची सरकवली. मी बसले.

"बांगड्या," मी म्हटलं.

"हात बघू." त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटं अलगद दाबून पाहिली. "अडीचची लागेल तुम्हाला."

अडीचचीच लागते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझा हात लोकांसमोर कधी धरला नव्हता.

"यजमान नाही आले बरोबर?" त्यांनी विचारलं.

"आलेत," मी म्हटलं. "इथेच आहेत."

"मग त्यांनाही बोलवा. एकट्याने सोनं घेऊ नये, घरी जाऊन वाद होतात." आणि ते आपल्याच बोलण्यावर हसले.

मी रडले नाही. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाने रडावं, हे त्यांना आवडलं नसतं. बाईने बांगड्यांचा ट्रे काढून ठेवला. ह्यांनी एकेक उचलून मला नक्षी समजावून सांगितली आणि मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी ते दमले. भिंतीला टेकले, इकडेतिकडे बघायला लागले. मग मला विचारलं, "अगं, आपण इथे कशाला आलो?"

"पूल बघायला," मी म्हटलं.

"हो का? कुठे आहे?"

तेव्हा मुलगी पुढे झाली. "चला बाबा. मी दाखवते." संपूर्ण मराठीत, माझ्यासारख्याच हेलात. तिने त्यांना पुलाच्या मध्यावर नेलं. तिथे दुकानं संपून मोकळी जागा आहे. दोघंही कठड्याला टेकून खालचं पाणी बघत राहिली. मी थोडी लांबच उभी राहिले. संग्रहालयाची तिकिटं वाया गेली, टेकडीवर मात्र गेलो. वर पोचेपर्यंत ह्यांना झोप आली होती. खाली उन्हात सगळं शहर पसरलं होतं आणि हे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बाकावर झोपले होते.

पुढे आम्ही गावी गेलो. सूटकेस भरताना हे विचारत होते, "सगळ्यांना चॉकलेटं घेतलीस ना?" त्यांना वाटलं, नेहमीची सुट्टी. मी घेतली म्हटलं. गावी ते फार काळ राहिले नाहीत. शेवटी तर मला ते 'ताई' असंच म्हणायचे, आणि शेजारणींना वाटायचं, हे मुद्दाम थट्टा करतात. एका दुपारी जेवण झाल्यावर पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा ते गेले होते.

दिवसकार्य झाल्यावर मुलीने मला इथे आणलं. आता ती माझ्याशी मराठीत बोलते, अडखळत, शब्द विचारत. मध्यंतरी म्हणाली, "आई, पुन्हा जाऊ या का? तू तिथे धड काही बघितलंच नाहीस."

मी तिला म्हटलं, तुझ्या मैत्रिणींबरोबर जाऊन ये. मग आम्ही दोघींनी मिळून रात्रीच्या भाजीसाठी शेंगा निवडायला घेतल्या.