चपलांची राखण

"ए पोरी, तू बस इथं. चपला राख."

गुरुजींनी बोटानं जागा दाखवली. लेण्याच्या दाराशी, उन्हात.

शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती. आमचं गाव सोयगावजवळचं, म्हणजे लेणी तशी दारातलीच. तरी मी पहिल्यांदाच गेले होते. सगळ्यांनी चपला काढल्या. माझ्या पायात काहीच नव्हतं. मला वाटलं, काढायचं काही नाही तर मला आधी आत सोडतील.

मी बसले. पोरं आत गेली. आतून गुरुजींचा आवाज येत होता, "हा बघा बुद्ध." मी वाकून पाहिलं. काळोख दिसला. मग सगळे बाहेर आले, चपला घालून पुढच्या लेण्याकडं गेले. तिथं पुन्हा ढीग, पुन्हा मी. शेवटच्या लेण्यातून पोरं बाहेर आली ती ओरडतच. "लई मोठा झोपलाय रे." घरी जाईपर्यंत गाडीत तेवढंच चाललं होतं. मी गुरुजींच्या चपलांचा रंग सांगू शकले असते.

आम्ही बौद्ध. घरात बुद्धाची तसबीर होती, आई रोज सकाळी तिच्यापुढं उदबत्ती लावायची. सहलीला निघताना तिनं माझे केस चापून बांधले होते आणि म्हणाली होती, "आपला बुद्ध हाय तिथं. नीट पाहून ये."

संध्याकाळी तिनं विचारलं, "पाह्यला का?"

"नाय."

"मंग काय पाह्यलं?"

"चपला."

तिनं पुढं विचारलं नाही. भाकरी थापत राहिली. बाजारात ती स्वतः दुकानाच्या पायरीखाली उभी राहून सामान घ्यायची, तिला काय समजावून सांगायचं होतं? पण मला त्या दिवशी गुरुजींपेक्षा तिचाच राग जास्त आला. ती गप्प बसली म्हणून. नंतर मीही गप्प बसायला शिकले. इतकी शिकले की आपण गप्प आहोत हेही कळेनासं झालं.

पुढं मी नर्स झाले. शहरात, गारखेड्यात एका खासगी दवाखान्यात नोकरी, पुंडलिकनगरात दोन खोल्यांचं स्वतःचं घर. रोज भूल दिलेले पेशंट पाहते. टाके घालताना ते म्हणतात, "सिस्टर, हात लागतोय ते कळतंय, पण दुखत नाही." मी मान हलवते. मला ते चांगलं माहीत आहे.

शेजारी एक वहिनी राहतात. नवरा बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेला, सगळे त्यांना साहेब म्हणतात. वहिनींच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्या जखमा मीच धुतल्या, ड्युटीवरून घरी जाता जाता. तेव्हापासून वहिनींचा माझ्यावर जीव. ते खोटं नव्हतं. साहेबांचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप श्रीलंकेला निघाला, तर वहिनी हट्टानं मला घेऊन गेल्या.

विमानतळावर रांगेत साहेबांनी माझं आडनाव विचारलं. इतकी वर्षं शेजारी राहून विचारलं नव्हतं, मी सिस्टर होते तेवढं पुरत होतं. मी सांगितलं.

"मूळचं गाव?"

"सोयगावकडचं."

"म्हणजे... कोणात?"

"बौद्ध."

"अरे वा. मग श्रीलंका म्हणजे तुमचं माहेरच की." सगळे हसले. मीही हसले.

माहेरी मी काय पाहिलं ते सांगते. समुद्राकाठी सगळे पाण्यात उतरले, मी वाळूत पिशव्यांपाशी. चहाच्या मळ्यात सगळ्यांचा फोटो निघाला, तो मी काढला. हॉटेलात खोल्या मिळेपर्यंत बाकीचे बागेत फिरले, मी बॅगांपाशी. कुणी हुकूम सोडला नव्हता. "सिस्टर आहेत ना," एवढंच कुणीतरी म्हणायचं आणि सगळे मोकळे व्हायचे. तिरुपतीला, गोव्याला, दवाखान्याच्या सहलींतही हेच झालं होतं. मी देश-परदेश पाहिले ते सामानाशेजारी बसून. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरंच वाटत नव्हतं, आणि आता त्याचीच जास्त भीती वाटते.

मग दांबुल्ला आलं. तिथंही लेणी आहेत, रंगवलेली, आत बुद्ध. खूप पायऱ्या चढून वर गेलो. माकडं इकडून तिकडं उड्या मारत होती. दाराशी चपला ठेवायची जागा होती, एक म्हातारा माणूस ती सांभाळत होता. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"इथल्या लोकांचा काय भरवसा? एकीकडं काढून ठेवू. सिस्टर बसतील."

माझा मेंदू काही म्हणायच्या आत मी खाली बसले होते. गुडघे आपोआप वाकले. चपलांचे जोड माझ्यापुढं पडायला लागले. दगड तापलेला होता. तोच चटका, त्याच जागी. तेवढा मात्र लागला.

मी म्हटलं, "वहिनी, मला आत जायचंय."

वहिनी मायेनं बोलल्या. "बसा हो थोडा वेळ. पायऱ्यांनी दमला असाल. आणि तुम्हाला सेवेची सवयच आहे, आमच्यासारखं नाही तुमचं."

माया होती, म्हणून ऐकायला वेळ लागला. गुरुजींनी हेच बोटानं सांगितलं होतं.

सगळे आत गेले. मी उठले. माझ्या चपला काढल्या, त्या म्हाताऱ्याकडं दिल्या. त्यानं दोन्ही हातांनी घेतल्या आणि बिल्ला दिला. ग्रुपचा ढीग होता तिथंच राहिला. मी मागं वळून पाहिलं नाही.

आत बुद्ध झोपलेला होता. लई मोठा. मी त्याच्या पायांशी उभी राहिले. तळवे लाल रंगवलेले. मला वाटलं होतं रडू येईल, आई आठवेल, काहीतरी होईल. काही झालं नाही. मी नुसती उभी होते. बरोबरचे लोक गर्दीत मला न पाहताच फोटो काढून बाहेर गेले तरी मी उभीच होते, कारण पहिल्यांदाच माझ्या मागं कुणाचं सामान नव्हतं.

बाहेर आले तर गलका. वहिनींची एक चप्पल माकडानं नेली होती. ते कड्यावरच्या झाडावर बसून पट्टा चावत होतं. वहिनी तापल्या दगडावर एका पायावर उभ्या.

"सिस्टर, अहो, तुम्ही होतात म्हणून आम्ही निर्धास्त होतो."

"मी नव्हते वहिनी. मी आत होते."

"पण तुम्हाला सांगितलं होतं ना?" हे साहेब.

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मी बिल्ला दिला, चपला घेतल्या, घातल्या. वहिनी माझ्या पायांकडं बघत होत्या. एरवी मी त्या क्षणी काढून दिल्या असत्या, आणि स्वतः अनवाणी उतरले असते. हात तिकडं निघालाही होता. मी तो मागं घेतला आणि पायऱ्या उतरायला लागले.

परत आल्यापासून वहिनी जिन्यात भेटल्या तर बाजूला बघतात. परवा त्यांच्या फिरायच्या ग्रुपच्या वार्षिक अंकासाठी साहेबांचा निरोप आला, "सिस्टर, प्रवासाचे अनुभव दोन पानं लिहा. चांगलं चांगलं लिहा." हे तेच लिहिलंय. छापतील असं वाटत नाही. तरी देणार आहे, साहेबांच्या हातात.

आणि रविवारी अजिंठ्याला जाणार आहे. एकटी. जळगावची एसटी पकडून फर्दापूरला उतरायचं. इतकी वर्षं जवळून गेले, उतरले नाही. आई आता नाही, तिला सांगायला जाणार नाही. माझं मला पाहायचंय.

दाराशी चपला काढीन. राखायला कुणाला बसवणार नाही. गेल्या तर जाऊ देत. येताना अनवाणी येईन, पण दाराशी आता मी बसणार नाही, आणि माझ्यासाठी दुसरं कुणी बसलेलंही मला चालणार नाही.