डावखुरा नायक

माझ्या घरात आता दोन टीव्ही आहेत आणि त्यांतल्या एकावरही मी सिनेमा बघत नाही. बातम्या बघते, स्वयंपाकाचे कार्यक्रम बघून त्यांना नावं ठेवते, पण सिनेमा बघायचा तर थिएटरात जाऊन, हा माझा हट्ट आहे आणि या वयात तो सुटेल असं वाटत नाही. सिनेमा म्हणजे घरातून उठून जाणं. स्वयंपाक लवकर उरकायचा, बरंसं पातळ नेसायचं, दाराला कुलूप लावायचं आणि अनोळखी माणसांच्या शेजारी बसून त्यांच्याबरोबर हसायचं, रडायचं. घरी सोफ्यावर पाय पसरून एकट्यानं रडण्यात काय मजा आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. आणि थिएटरात गेल्यावर जागा मी स्वतः निवडते. मुलगा म्हणतो, आई, कुठेही बसलं तरी सिनेमा तोच दिसतो. तो तसा नसतो. हे मला माझ्या सासूबाईंमुळे नीट कळलं.

मी माहेरची ठाण्याची. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पक्कं थिएटर होतं, सिमेंटचं, वर पंखे असलेलं. बायकांची जागा वेगळी होती, मध्ये लाकडी कठडा होता, पण पडदा सगळ्यांच्या समोर. वडिलांना सिनेमाचं भलतंच वेड. परीक्षा झाली की सिनेमा, पाहुणे आले की सिनेमा, आईशी भांडण झालं की दुसऱ्या दिवशी हमखास सिनेमा. त्यामुळे चित्रपटातलं मला बरंच कळतं, अशी माझी लग्नाआधीपासून समजूत होती, आणि ती फारशी चुकीची नव्हती.

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशनच्या आजूबाजूला थोडी घरं, थोड्या चाळी आणि त्यांच्यापलीकडे भातशेती. आमच्या घराच्या आसपास थिएटर नव्हतं. भातकापणी झाली की रिकाम्या शेतात तंबू यायचा आणि पावसाच्या आधी जायचा. बसताना पायाला भाताचे सड टोचत, म्हणून घरून सतरंजी न्यायची. सोबत पाण्याचा तांब्या, पोरांसाठी चुरमुरे. आमच्या आळीतल्या बायका नटूनथटून निघत आणि पुरुष चार पावलं पुढे चालत.

तंबूपाशी पोचलं की वाटा फुटत. माझे सासरे आणि माझे यजमान उजव्या दारानं आत जात, आम्ही कापडी कनातीला वळसा घालून मागच्या दारानं. पहिल्याच दिवशी आत गेल्यावर मी चक्रावले. पडदा तंबूच्या मधोमध दोन खांबांना ताणून बांधलेला होता. पुरुष एका बाजूला, सिनेमाचं यंत्र त्यांच्याच बाजूला. आम्ही बायका पडद्याच्या मागे. खेळ सुरू होण्याआधी एक माणूस बादली घेऊन आला आणि त्यानं पिचकारीनं पडदा भिजवला. ओल्या कापडातून चित्र पलीकडे चांगलं उतरतं म्हणून. पुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर पाणी उडालं. कुणी तक्रार केली नाही, पदरानं तोंड पुसलं आणि सावरून बसल्या.

मग चित्र सुरू झालं ते उलटं. आरशात दिसावं तसं. माणसं डाव्या हातानं जेवत होती. देवळातला पुजारी डाव्या हातानं तीर्थ देत होता. मी आजूबाजूला पाहिलं. कुणालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. या बायकांनी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या बाजूनं सिनेमा पाहिलाच नव्हता.

सासूबाईंचं तर या विषयात एक पूर्ण शास्त्र तयार होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसायच्या आणि ज्यांना जाता आलं नाही अशा आळीतल्या बायका त्यांच्याकडून सिनेमा ऐकायला जमायच्या. कुणाची बाळंतीण घरात, कुणाचा नवरा पाठवत नाही, कुणाकडे अशौच. या सगळ्यांचा सिनेमा म्हणजे माझ्या सासूबाई. सांगायच्याही अशा, की बायकांच्या हातातलं काम राहून जायचं. सिनेमात डावखुऱ्यांनाच घेतात, हे त्यांनी सगळ्यांना पटवून दिलं होतं. सुरुवातीला नावं येतात ती बंगालीत असतात, असंही त्या सांगत, कारण अक्षरांच्या डोक्यावर रेघ दिसे आणि तरी वाचता येत नसे. नायिका उजव्या खांद्यावरून पदर घेते म्हणजे गुजराती, पण तो मागे सोडते म्हणजे नव्या वळणाची गुजराती. मी नवी सून. ओठ चावून हसू आवरायची. मागच्या खोलीत आरामखुर्चीत बसलेले सासरेही हे सगळं ऐकत असत आणि वर्तमानपत्राआड त्यांचे खांदे हलताना मला दिसत.

गंमत म्हणून हे चालून गेलं असतं. पण त्या हिवाळ्यात एक सिनेमा आला, ज्यात गिरणीतल्या यंत्रात सापडून नायकाचा हात तुटतो. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी तो प्रसंग इतका रंगवून सांगितला की दोघी-तिघींनी डोळे पुसले. बिचाऱ्याचा डावा हात गेला, त्या म्हणाल्या, आणि तो डावखुरा, म्हणजे सगळंच गेलं. उजव्या हातानं कसाबसा घास तोंडात घालायचा आणि रडायचा.

तेवढ्यात आमच्या समोरच्या घरातल्या वहिनी बोलल्या. त्या नुकत्याच भावाकडे कल्याणला राहून आल्या होत्या आणि तिथल्या पक्क्या थिएटरात त्यांनी हाच सिनेमा पाहिला होता. त्या म्हणाल्या, हात उजवा तुटतो. सासूबाई म्हणाल्या, डावा. वहिनी म्हणाल्या, मी या डोळ्यांनी पाहिलंय. सासूबाई म्हणाल्या, मी काय पाठीनं पाहिलं? बोलता बोलता दोघींचा आवाज चढला आणि वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुम्हांला तंबूत डुलकी लागते आणि मग घरी येऊन मनाचं सांगता. इतकी वर्षं आम्ही आपलं ऐकून घेतो."

हे फार लागलं. सासूबाई सुपातले तांदूळ तसेच टाकून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी ओसरीवर कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आळीत बायका एकमेकींना विचारू लागल्या, की मागचा तो राणीचा सिनेमा, त्यात तरी राणी मेली होती की तेही यांच्या मनचंच? सासूबाई भरभर काम करत, कुणाशी बोलत नसत. ज्या बाईचं दुपारचं सगळं वैभव तिच्या शब्दावर उभं होतं, तिला आळीनं खोटारडी ठरवलं होतं. आणि खरं काय ते त्या घरात बाईमाणसांपैकी फक्त मला माहीत होतं. दोघीही खरं बोलत होत्या.

मला सांगायला भीती वाटली नाही, पण वाईट वाटलं. पडदा उलटा असतो, हे सांगायला कितीसा वेळ लागतो? पण त्याबरोबर हेही सांगावं लागणार होतं, की तुम्ही आजवर पाहिलं ते सगळं उलटं होतं. दुपारी सासरे झोपल्यावर मी माझ्या रुखवतातला एक पातळ रुमाल काढला. त्यावर मी कशिद्यानं सुस्वागतम् असं भरलं होतं. तो खिडकीतल्या उजेडासमोर धरून मी सासूबाईंना मागच्या बाजूनं वाचायला सांगितलं.

त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, हे बंगाली आहे. मग रुमाल माझ्या हातातून घेतला, फिरवला, वाचला, पुन्हा फिरवला. बराच वेळ त्या रुमाल नुसता फिरवत राहिल्या. मी ठाण्याच्या थिएटरचं सांगितलं, यंत्र कुठे असतं ते सांगितलं, पुरुषांची बाजू कोणती ते सांगितलं.

"म्हणजे आम्ही मागे बसतो," त्या शेवटी म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"तो सिनेमा आहे अजून?"

सिनेमा होता. लोकांच्या आग्रहाखातर म्हणून मुक्काम वाढवला होता. संध्याकाळी सासूबाईंनी भाकऱ्या लवकर टाकल्या, ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसल्या आणि घरात कुणालाही न विचारता मला घेऊन निघाल्या. तंबूपाशी त्या उजव्या दाराकडे वळल्या. दारावरचा मॅनेजर सभ्य माणूस होता, त्यानं हात जोडून बायकांचं दार पलीकडे आहे असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ते दार मला ठाऊक आहे, बारा महिन्यांतले सहा महिने मी त्याच दारानं जाते, आज मला तुझा सिनेमा पुढून बघायचा आहे. तो म्हणाला, आत सगळे पुरुष आहेत. त्या म्हणाल्या, असू देत, मी त्यांच्याकडे बघायला आलेली नाही. मागे रांग खोळंबली होती. त्यानं आम्हांला आत सोडलं. मला त्या वेळी सासूबाईंचा इतका अभिमान वाटला की माझं माहेर मी क्षणभर विसरले.

आम्ही कडेला सतरंजी टाकली. दोन-चार माणसांनी वळून पाहिलं, एकानं आपली पथारी जरा लांब सरकवली, बस. मग अंधार झाला, नावं सुरू झाली आणि सासूबाई ती मोठ्यानं वाचू लागल्या. एकेक अक्षर लावून, शाळेत वाचावं तशी. त्यांना वाचता येत होतं. इतकी वर्षं त्यांना वाचता येत होतं.

गोष्टीकडे त्यांचं फार लक्ष नव्हतं, ती त्यांना पाठ होती. त्या हात बघत होत्या. कोण कुठल्या हातानं काय करतो ते बघत होत्या. नायिका देवापुढे निरांजन ओवाळायला उभी राहिली तेव्हा माझं मनगट धरून त्या म्हणाल्या, "अगं, हिचा पदर बघ. ही तर आपल्यासारखीच आहे." पुढे हात तुटण्याचा प्रसंग आला. सगळा तंबू हळहळला, पडद्यापलीकडून बायकांचे हुंदके ऐकू आले. उजवा हात तुटला. सासूबाई तेवढ्या रडल्या नाहीत. त्या पडद्याकडे नाही, पडद्याच्या पलीकडे जिथून हुंदके येत होते तिकडे बघत होत्या.

परत येताना त्या आमच्या घरी न येता आधी समोरच्या वहिनींच्या दारात गेल्या. वहिनी जेवणाचं आवरत होत्या. सासूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हात उजवाच. तुमचं खरं. पण मला डुलकी लागत नाही. मला मागे बसवलं होतं." मग पडदा कसा असतो आणि बायका कुठे बसतात, ते सगळं त्यांनी उभ्यानंच सांगितलं. वहिनींचा चेहरा पडला. त्यांनी हात पुसत बाहेर येऊन सासूबाईंना आत बोलावलं, पाट दिला, आपण नको ते बोललो असंही म्हणाल्या. तिथंच हे संपायचं. पण वहिनी सरळ मनाच्या. त्यांनी अगदी सहज विचारलं, की तुमच्याकडचे पुरुष तर पुढेच बसतात ना, मग तुम्हांला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

वहिनींनी दिलेलं पाणी सासूबाई प्यायल्या नाहीत. उठल्या आणि घरी आल्या.

सासरे आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. यजमान शेजारी रेडिओ लावत होते. माझ्यावर आता वीज पडणार, अशी माझी खात्री होती, कारण न विचारता गेलो होतो आणि पुरुषांत बसून आलो होतो. ते विचारायला सासऱ्यांनी तोंड उघडलंही. पण सासूबाईंनी त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं. असं त्यांनी कधी केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

त्यांनी विचारलं, बायकांकडून सिनेमा उलटा दिसतो, हे तुम्हांला ठाऊक होतं का. सासरे म्हणाले, त्यात काय एवढं, ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. मी यजमानांकडे पाहिलं. ते रेडिओची बटणं फिरवत राहिले. त्या रात्री त्यांना मी काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"अगं, तू दुपारी सांगायचीस ते ऐकायला गंमत वाटायची," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात काही दुष्टावा नव्हता. त्यांना खरंच तसंच वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

सासूबाईंनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "शनिवारी नवा सिनेमा लागतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागे बसा. घरी येऊन मला सांगा काय काय पाहिलंत ते. मलाही थोडी गंमत वाटू दे."

शनिवारी आळीतल्या अकरा बायका उजव्या दारानं आत गेल्या. मॅनेजरनं एकदा आमच्याकडे, एकदा आकाशाकडे पाहिलं आणि पडद्याच्या पुढे मधून दोरी बांधून दिली. सासरे दारापाशी थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी टोपी नीट केली आणि एकटेच कनातीला वळसा घालून मागे गेले.