थूल सरांना गाडी देऊ नका

हा लेख मी भीतीमुळे लिहीत आहे. गौरवग्रंथाच्या समितीने मला अनेकदा विचारले होते आणि मी दर वेळी नकार दिला होता. डोळ्यांसमोर हिंडत्याफिरत्या माणसाविषयी 'ते असे होते' अशी वाक्ये लिहायला माझा हात धजत नाही. पण गेल्या हिवाळ्यात सेलूच्या बाजूला जे घडले, त्यानंतरही प्रा. मधुकर थूल सर पुन्हा रानात जाण्याची तयारी करीत आहेत. ते स्वतः गाडी चालवीत नाहीत. कुणा ना कुणा जुन्या विद्यार्थ्याला फोन करतात, आणि आजवर त्यांना कुणी नाही म्हटलेले नाही. हा ग्रंथ त्या सर्वांच्या हाती जाणार आहे. म्हणून लिहिते.

सरांची आणि माझी ओळख महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत झाली. मी बी.एस्सी.ला होते. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकासमोर बशीत एक मेलेली मुंगी ठेवली आणि म्हणाले, "जे दिसते तेवढेच लिहा. जे माहीत आहे ते लिहू नका." निम्म्या वर्गाने मुंगी कष्टाळू असते असे लिहिले. ते सगळे कागद सरांनी परत केले. माझ्या कागदावर 'कंबरेला दोन गाठी' एवढेच होते. तो त्यांनी ठेवून घेतला. पुढे मी त्याच विभागात अध्यापिका झाले आणि ते निवृत्त होईपर्यंत त्यांच्या हाताखाली काम केले.

सरांनी आयुष्यभर एकाच मुंगीचा माग काढला. तिचे शास्त्रीय नाव टेट्रापोनेरा रुफोनिग्रा. लांबट, सडपातळ अंग. डोके आणि पोट काळे, मधला भाग विटकरी. ती वारूळ करीत नाही. जिवंत झाडाच्या वाळक्या, पोकळ फांदीत राहते आणि खोडावरून एकेकटी हिंडते. उष्ण प्रदेशातल्या रानांची ही मुंगी वर्धा जिल्ह्यात कुठे आहे, कुठे नाही, आणि रान तुटल्यावर शेतांच्या धुऱ्यावरच्या झाडांवर ती तग धरते का, हा सरांचा प्रश्न. त्यांच्या बैठकीत जिल्ह्याचा नकाशा लावलेला आहे. मुंगी टाचणीवर आल्याशिवाय त्यावर ठिपका पडत नाही.

हा नियम त्यांनी कुणासाठी वाकवला नाही. एका वनाधिकाऱ्यांनी हौसेने एक नमुना पाठवला आणि आपल्या भागात ठिपका द्यावा म्हणून आग्रह धरला. सरांनी त्यांना घरी बोलावले, चहा दिला, हातात भिंग दिले आणि म्हणाले, "साहेब, पाय मोजा." पाय आठ निघाले. ती या मुंगीचे सोंग घेणारी कोळ्याची जात होती. साहेबांचा चेहरा उतरला. तेव्हा सर म्हणाले, "मुंगी एवढी जहाल आहे की कोळीसुद्धा तिचे कपडे घालून जीव वाचवतो. तुम्ही फसलात यात नवल नाही." साहेब हसत घरी गेले. ठिपका मात्र मिळाला नाही.

सरांचा मायाळूपणा शब्दांत कधी आला नाही. माझे यजमान गेले तेव्हा सिंदी मेघेच्या माझ्या घरी माणसांची रीघ होती. सर आले, कोपऱ्यात बसले. जाताना त्यांनी माझ्यासमोर एक खोका ठेवला. आत ओळख न पटलेल्या मुंग्या होत्या. "यांना नावं पाहिजेत," ते म्हणाले. "सवडीनं." त्या वर्षी मी सकाळी कशासाठी उठत होते असे कुणी विचारले, तर मी त्या खोक्याकडे बोट दाखवीन.

आता सेलूच्या बाजूचा प्रसंग. ही मुंगी जबर डंख मारते, बोटांनी पकडता येत नाही, म्हणून ती चूषकाने ओढतात. एका कुपीला दोन नळ्या असतात. एक मुंगीवर धरायची, दुसरी तोंडात धरून हवा ओढायची. तोंडाकडच्या नळीच्या आतल्या टोकाला मलमलीची जाळी बांधतात. नाहीतर मुंगी कुपीत न पडता थेट घशात जाते. रानात शिरण्याआधी सर प्रत्येक विद्यार्थ्याला जाळी दाखवायला लावीत. सरांची जाळी तपासण्याची मात्र रीत नव्हती. आदल्या दिवशी त्यांनी चूषक धुऊन वाळत घातला आणि जोडताना जाळी बांधायची राहिली.

सेलूला औषधाचे दुकान चालवणारे सरांचे विद्यार्थी नरेश आपली गाडी घेऊन आले होते, आणि मीही सोबत होते. सर एका जुन्या बाभळीच्या खोडाशी उभे होते. त्यांनी हवा ओढली आणि ते खोकले. मग बोटाने घसा दाखवून म्हणाले, "आत गेली." त्यांनी ती खाकरून तळहातावर काढली आणि अल्कोहोलच्या कुपीत टाकली. कुपी माझ्याकडे देत म्हणाले, "जागा लिही, बाई. आधी जागा लिही." तेवढे बोलेपर्यंत त्यांचे ओठ सुजू लागले होते.

गाडीत त्यांचा आवाज गेला. अंगावर गांध्या उठल्या. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि पुढे तो आवाजही बारीक होत गेला. नरेश हॉर्नवरचा हात काढत नव्हते आणि हिंदीत देवाला हाका मारीत होते. मी सरांची मान सरळ धरून बसले होते. सर डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होते. मी वर्गाला कधी भ्याले नाही, प्राचार्यांना भ्याले नाही. त्या रस्त्यावर मी इतकी भ्याले की मला माझे स्वतःचे नाव आठवले नसते.

दवाखान्यात इंजेक्शन मिळाले, सर वाचले. डॉक्टरांनी सांगितले की सरांना या मुंगीच्या विषाची ॲलर्जी आहे; घशालाच नव्हे, बोटाला डंख झाला तरी पुढच्या वेळी दवाखाना गाठेपर्यंत अवधी मिळेल याची खात्री नाही. तेव्हा वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नींना, कंठ फुटला. "मॅडम, मांगच्या साली हात कोपरालोक सुजला होता त्याइचा. मले म्हनत, काटा रुतला. उन्हायाभर पुऱ्या बाह्याचा शर्ट घालून फिरले. माह्यं काई आयकत नाई, तुमीच सांगा त्याइले."

मी सांगितले. पंधरवडा उलटला नाही तोच सरांनी नरेशना फोन केला. नकाशात समुद्रपूरच्या दक्षिणेचा भाग कोरा आहे. सर तिथलेच, त्यामुळे तो भाग आपला आहे, केव्हाही पाहू, म्हणून मागे राहिला. मी नरेशवर रागावले. ते म्हणाले, "मॅडम, सरले नाई कसं म्हनू? जीभच उचलत नाई ना."

इथवर लिहिलेले मी सरांना वाचून दाखवले.

"शीर्षक बदल," ते म्हणाले. "गौरवलेख आहे का पोलिसाची नोटीस?"

"दोन्ही आहे, सर."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तेच राहू द्या, मॅडम. अक्षर मोठं करजा."

सर नकाशाकडे पाहत राहिले. "काऊन एवढी भेऊन राह्यली वं बाई? समुद्रपूर कोरं राह्यलं ना अजून. नसनं वेगळं अन् न पाहनं वेगळं."

"मी पाहते. नरेश इंजेक्शन घेऊन सोबत राहतील. माझी जाळी ते तपासतील."

"अन् मी काय करू?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या हलक्या आवाजात विचारला की मला गाडीतला तो बारीक होत गेलेला श्वास आठवला. मी म्हणाले, "मी आणीन ते ओळखा. मला एकटीला भरवसा नाही." हे खरे होते. नमुना माझ्या हातात असेल आणि पलीकडच्या खुर्चीत सर नसतील, या एका कल्पनेने मला हल्ली झोप येत नाही.

सर उठले आणि त्यांनी कपाट उघडले.

सरांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांना उदंड आयुष्य लाभो, श्वास मोकळा राहो, नजर आजच्याइतकीच तीक्ष्ण राहो, आणि वर्षानुवर्षे आम्ही आणलेले नमुने ते चुकीचे ठरवोत.

सरांच्या राहत्या घरी, वहिनींसमक्ष, मी पुढील वस्तू ताब्यात घेतल्या. चूषक, जाळी बांधलेला. बारीक चिमटा. अल्कोहोलच्या कुप्या. खांद्याला लावायची कापडी पिशवी. रानातले बूट, हे वहिनींनी आणून दिले. भिंग घेतले नाही. ते सरांना लागेल. याखेरीज, मी न मागता, टाचणीखाली लावायच्या लेबलांचे एक पाकीट. प्रत्येक लेबलावर 'संग्राहक' या शब्दापुढे सरांचे नाव छापलेले आहे. ते त्यांनी टेबलाशी बसून, पट्टी धरून, एकेका लेबलावरून खोडून दिले.