उचगावचं स्थळ

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. १९७४ सालच्या मार्गशीर्ष पौर्णिमेला, सौंदत्तीच्या डोंगरावर, भर दुपारी, नैवेद्याची ताटं उघडायच्या आधी. ती बारा वर्षांची होती. त्या दुपारी तिचं लग्न ठरलं, आणि नवरा कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण नवरा नव्हताच. हे मी ऐकीव सांगत नाही. नऊ वर्षांची मी तिचा हात धरून शेजारी उभी होते.

आमच्या घरच्या सहली म्हणजे देवाच्या वाऱ्या. चैत्रात जोतिबा, मे महिन्यात इचलकरंजीला आत्तीकडं, आषाढात त्र्यंबोलीची टेकडी, पाऊस उघडला की रंकाळा, आणि थंडी पडली की गल्लीनं मिळून ठरवलेल्या एसटीतनं सौंदत्ती. वडील शिरोलीच्या फौंड्रीत साचे करायचे. त्यांची सुट्टी आणि देवाची तिथी जुळली की आई भाकऱ्या बांधायची. भाकरीचं गाठोडं सुटेल तिथपर्यंत जग, असं मला वाटायचं. नुसतं फिरायला म्हणून कुठं जायचं असतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

त्या साली मे महिन्यात आम्ही दोघी बहिणी आत्तीकडं होतो. आत्ती म्हणजे वडिलांची बहीण. तिचं घर मागाच्या शेडला चिकटून काढलेल्या दोन खोल्यांचं, मधल्या भिंतीला वर जाळी. माग दिवसरात्र चालायचे आणि कापसाचं तूस त्या जाळीतून आत यायचं. दुधावर बसायचं, अंथरुणावर बसायचं, आत्तीच्या भुवया तर कायम पांढऱ्या. तिथंच अक्काला ताप चढला. डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला आणि पोरीला उठवू नका म्हणाले. ती किती दिवस पडून होती ते मी मोजलं नाही. निरोप गेला तशी आई कोल्हापूरहून आली, तिनं डोकं गार राहावं म्हणून टाळूवर खोबरेल थापलं, आणि वरून ते तूस पडत राहिलं. घाम, तेल, तूस, आणि उशीवर इकडून तिकडं घुसळणारं डोकं. पोरगी जगते की नाही हेच कळत नव्हतं, तिथं वेणीफणी कुणाला सुचणार? ताप उतरला तेव्हा मानेवरचे केस पोतेऱ्यासारखे एकजीव झाले होते.

आईनं फणी घेतली होती. ती अक्काला पुढ्यात घेऊन बसली होती आणि एक बट सुटलीही होती. तेवढ्यात आत्ती पाण्याची घागर घेऊन आत आली. घागर तिनं खाली टेकवली नाही, तशीच कडेवर ठेवून एका हातानं आईचं मनगट धरलं.

"वैनी, हात लावू नगा. जट हाय ती. यल्लम्मानं बोट ठेवलंय पोरीवर, म्हणून तर ताप उतरला की."

मग हळद आली, कुंकू आलं. आईची फणी कोनाड्यात गेली. एकदा जटेला कुंकू लागलं की तिला फणी लावायची नाही, कात्री तर लांबच. लावली तर घरातलं माणूस जातं, रक्त ओकतं, वंश बुडतो. हे आमच्याकडं पोरासोरांना पाठ असतं. आत्ती नळावर चार बादल्या जास्त भरत बसली असती तर? मी आता जटा सोडवायच्या चळवळीत आहे; हा प्रश्न आजवर कितीतरी सभांतून विचारलाय. लोक हसतात. हसण्यासारखं काय आहे त्यात?

आत्ती वाईट बाई नव्हती. तापात अक्काच्या उशाशी तीही जागली होती. आमच्या पत्रकांत एक तरी शत्रू लागतो. इथं तो सापडत नाही, म्हणून माझा संताप जास्त होतो.

कोल्हापूरला परत आलो आणि माझी भीती सुरू झाली. मी अक्काशेजारी झोपायची. तिनं कूस बदलली की जट उशीवर खस्स करून घासायची, आणि मला वाटायचं, कूस अक्कानं बदलली नाही, त्या केसांत जी कोण आहे तिनं बदलली. पावसाळ्यात जट वाळेना. तिला ओल्या सुतळीचा वास यायला लागला. त्या वासाला आई 'देवीचा वास' म्हणायची आणि म्हणताना माझ्याकडं बघायची नाही.

आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं. ते पाणी कुमारिकांनी घागरीतून वाजतगाजत त्र्यंबोलीला न्यायचं आणि पायऱ्यांवर ओतायचं, ही आमची रीत. दरवर्षी आम्ही बहिणी शेवटून कुठंतरी असायचो, घागरीतलं पाणी एकमेकींवर उडवत. त्या वर्षी अक्काला सगळ्यांत पुढं काढलं. सनईच्या मागं ती एकटी, ताठ, जटेचं ओझं मागं ओढतंय म्हणून हनुवटी वर. मी मागून हाक मारली तर एका बाईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. देवीला हाक मारतात होय गं नावानं?

रंकाळ्यावर भेळ खात बसलो होतो तर दोन अनोळखी बायका येऊन तिच्या पाया पडल्या. त्या गेल्यावर अक्का मला हळूच म्हणाली, "आता भेळ खाऊ, का आशीर्वाद देऊ?" आम्ही दोघी हसलो. आई हसली नाही. तिनं आपल्या भेळेचा कागद तसाच गुंडाळून ठेवला.

कशाला भीत होतो आम्ही, ते साफ लिहिते, कारण हल्ली लोक त्याला परंपरा म्हणून गोड करून सांगतात. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक बाई राहायची. लहानपणी तिलाही जट आली होती आणि आईबापांनी तिला देवीला सोडली होती. सोडली म्हणजे गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं. एकदा ते बांधलं की त्या पोरीचं लग्न होत नाही. ती देवीची, म्हणजे कुणाचीच नाही. मंगळवारी-शुक्रवारी ती परडी घेऊन जोगवा मागायला यायची तेव्हा बायका तिच्या पाया पडायच्या. संध्याकाळी तिच्या दारात कुणाच्या चपला आहेत हे बघून त्याच बायका पदराआड हसायच्या. दिवाळीनंतर मी त्या घरावरून जायचं सोडलं. शाळेला लांबच्या बोळातून जायची. त्या उंबऱ्यावर एक दिवस अक्का बसलेली दिसेल, असं वाटायचं.

आणि आत्तीचा निरोप आला, या पुनवेला मी पण येते, पोरीचं बघू काय ते. 'काय ते' म्हणजे काय, हे घरात कुणी विचारलं नाही.

एसटीत मी खिडकी सोडून अक्काला चिकटून बसले. निपाणी गेलं, संकेश्वर गेलं, बायका गाणी म्हणत होत्या, भंडाऱ्यानं सीटा पिवळ्या झाल्या होत्या. माझे दात वाजत होते. अक्का म्हणाली, "तुला भ्यायला काय झालं? जट मला हाय की." पुढच्या सीटवर उचगावची एक बाई होती. ती पाहुण्यांसोबत आमच्या गाडीत आली होती आणि सारा रस्ता तिच्या गावच्या शेंगा आम्हाला वाटत होती. हे ध्यानात ठेवा.

डोंगरावर पोचलो. कुंडावर अंघोळी झाल्या, लिंबाचे डहाळे झाले, आईनं तीन दगडांवर पोळ्या केल्या. वडील लाकडं आणायला गेले, आणि ते गेलेत हे बघूनच आत्ती आम्हाला एका म्हाताऱ्या जोगतिणीच्या राहुटीकडं घेऊन गेली. म्हातारीपुढं पितळेचं ताट होतं. ताटात तांदूळ, आणि तांदळावर मणी. ओवून तयार.

तिनं अक्काला खाली बसवलं, जट हातात घेऊन वजन बघितल्यासारखी तोलली. पोर शाणी झाली काय, न्हाण आलं काय, असं आईला विचारलं. आई नाही म्हणाली. मग याच पुनवेला बांधू, म्हातारी म्हणाली, यल्लम्माआईचं तिला देऊन टाकायचं, उशीर केला तर घरावर येतं. तिचा आवाज भाजीवालीसारखा साधा होता. अक्कानं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. आईच्या दोन्ही हातांत नैवेद्याचं ताट होतं.

म्हातारीनं मणी उचलले.

"तिचं लगीन ठरलंय," आई म्हणाली.

आत्ती आईकडं वळली. "कुठं? मला कसं ठाव न्हाय?"

"उचगावला."

आईच्या तोंडाला जे पहिलं गाव आलं ते. एसटीतल्या शेंगांच्या बाईचं.

म्हातारीनं मणी परत तांदळावर ठेवले. इतकं सोपं होतं ते. ती रागावली नाही, वाद घातला नाही. जटेवर भंडारा टाकला आणि म्हणाली, "मग पुढल्या सालच्या पुनवेला जोडीनं या दर्शनाला. आईच्या डोंगरावर बोललीस, ध्यानात ठेव."

मला वाटलं, सुटलो. मी पोळ्या खाल्ल्या, तीन खाल्ल्या. अक्कानंही खाल्ली. एसटीत बसल्यावर आईनं वडिलांना सगळं सांगितलं. ते तिला म्हणाले असते, बरं केलंस, खोटं बोलून पोर वाचवलीस, तर ही गोष्ट इथं संपली असती. ते काय म्हणाले?

"आता उचगावातच हुडकाय पायजे. देवीपुढं बोललेलं खोटं करून चालायचं न्हाय."

हे वाचून तुम्ही वडिलांना अडाणी म्हणाल. साच्यात एक केस राहिला तर ओतलेलं बीड फुटतं हे जाणणारा माणूस तो. त्या डोंगरावर मात्र त्यांची अक्कल चपलांबरोबर बाहेर राहिली होती. आईची पण. मणी बांधायचे नाहीत एवढं धैर्य तिला झालं. बांधायचे नाहीत म्हणून खोटं बोलले, आता जा, असं देवीला सांगायचं धैर्य झालं नाही.

परतल्यावर गल्लीची आंबील यात्रा झाली. रेणुकेच्या देवळापाशी बायका आंबील, वडी-भाकरी, वांग्याची भाजी घेऊन बसल्या, आणि तिथं आत्तीनं सगळ्यांना सांगितलं, आमच्या पोरीचं उचगावला ठरलं. बायकांनी अक्काच्या तोंडात साखर घातली. कुणाशी ठरलं, असं एकीनं विचारलं. आई म्हणाली, सांगू की सवडीनं. अक्का गाजर खात होती. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं की तीही आता भ्यायला लागली आहे. एसटीत ती भ्याली नव्हती.

उचगावात एकच घर मिळालं. नवरा तिच्या दुपटीपेक्षा मोठा, पहिली बायको वारलेली. दुसऱ्या गावची बरी स्थळं लांबच्या मामानं सुचवली होती, पोर जरा मोठी होऊ द्या असंही तो म्हणाला होता. पण गाव उचगाव पाहिजे होतं आणि पुढच्या मार्गशीर्षाच्या आत पाहिजे होतं. जटेची पोर म्हणून ते लोक खूश झाले. घरात देवी चालून आली म्हणाले. वैशाखात लग्न लागलं. अक्का तेरा वर्षांची होती आणि कायदा तेव्हाही होता.

पुढच्या मार्गशीर्षात जोडी दर्शनाला गेली. आम्हीही गेलो. अक्का सासूशेजारी बसली होती, मी खिडकीपाशी एकटी. डोंगरावर आई थेट त्या राहुटीकडं गेली, अक्काला आणि जावयाला पुढं उभं केलं आणि हात जोडून म्हणाली, बोलल्याप्रमाणं आणलंय बघा.

म्हातारीनं आमच्याकडं बघितलं. डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं.

"कुठनं आला पावणं?" तिनं विचारलं.

तिला आम्ही आठवत नव्हतो. आई नाही, अक्का नाही, उचगाव नाही. त्या डोंगरावर अशा किती आया येऊन काय काय बोलून गेल्या असतील. वर्षभर आमच्या घरात जिच्या नुसत्या आठवणीनं ताटं अर्धी राहिली होती, तिनं नारळ फोडला, अर्धा ठेवून घेतला आणि पुढच्यांना हाक मारली. आई तिथंच खाली बसली. वडिलांनी तिला उठवलं. त्यावर घरात कधीच कुणी बोललं नाही. मी आता बोलतेय.

अक्का आता चोवीस वर्षांची आहे. जट कमरेखाली आली आहे. मंगळवार-शुक्रवार ती पाटावर बसते, बायका ओटी भरतात, सासू स्वतः वाढते. उरलेले पाच दिवस तीच मान तिरकी करून पाणी ओढते. दोन दिवस देवी, पाच दिवस सून. मान दुखते म्हणून रात्री ती जट हातात धरून झोपते. गेल्या महिन्यात मी कात्री घेऊन गेले होते. असल्या जटा आम्ही बऱ्याच काढल्या आहेत आणि कुणाच्या घरी कुणी मेलं नाही. अक्कानं कात्री हातात घेतली, धार बोटानं बघितली, आणि परत दिली.

"माझं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोरीचं बघ."

तिची मुलगी सात वर्षांची. पावसाळ्यात तिला ताप आला होता. ती आतल्या खोलीत पाठमोरी बसली होती. मानेवर केसांचा लिंबाएवढा गुंता, आणि त्यावर ताजं कुंकू. मी फणी काढली तशी सासू दारात येऊन उभी राहिली. तिनं मला अडवलं नाही, नुसती अक्काकडं बघत राहिली, आणि अक्काचेच हात पोरीच्या डोक्यावर आले, झाकायला. स्वतःच पाठवते आणि स्वतःच झाकते. भीती असते ती अशी. त्या दिवशी मी फणी परत पिशवीत घातली. आठवड्यानं पुन्हा जाणार आहे, आणि तेव्हा ती पिशवीत परत जाणार नाही. सासू म्हणतेय, मार्गशीर्षात पोरीला डोंगरावर नेऊ, काय ते बघू.

काय ते म्हणजे काय, हे आता तुम्हाला माहीत आहे.

मार्गशीर्षाला अजून वेळ आहे. तुमच्याही गल्लीतून गाडी ठरेल, तुम्हीही भाकऱ्या बांधाल, तुमच्याही पुढच्या सीटवर कुणाची तरी पोर मान तिरकी करून बसेल. तोवर थांबू नका. तुमच्या घरात, शेजारात, पाहुण्यांत ज्या पोरीच्या केसांत गुंता दिसेल तिला आजच पुढ्यात घ्या, तेल लावा, आणि फणी घाला. कुणी मनगट धरलं तर सोडवून घ्या. फणी कोनाड्यात ठेवू नका.