धनको

“तुमच्या लोकायले घरकुल भेटते ना? मंग फ्लॅट कायले पाह्यजे?”

फ्लॅट घेणाऱ्यांच्या भर सभेत, सगळ्यांसमोर. बोलणारा कापसाचा अडत्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर मोठा फ्लॅट घेतलेला. ‘तुमच्या लोकायले’ म्हणजे कोणाला, ते हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. आम्ही बौद्ध. लोक हसले. मी दाराजवळ उभी. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभी. लाज त्याला वाटायला हवी होती, वाटली मला.

बोंडअळीनं कापूस खाल्ला, जिनिंग बंद पडली आणि त्या जिनिंगवाल्यानंच यवतमाळात काढलेली आमची बिल्डिंग अर्ध्यावर राहिली. त्याचं दिवाळं निघालं. कोर्टानं नेमलेल्या साहेबानं त्याला कर्ज देणाऱ्या बँकांचे आणि घर घेणाऱ्यांचे दावे मागवले. अडत्याचं म्हणणं, लहान फ्लॅटवाल्यांनी मिळतील ते पैसे घ्यावेत, दावा सोडावा. म्हणजे मोठे फ्लॅट तरी पुरे होतील. मी बाभुळगावकडे खेड्यात नर्स. पगारातून हप्ते भरून आईच्या नावावर घर घेतलेलं. तरी मी तशीच दारातून निघून आले.

घरी येऊन रडले. आईला म्हटलं, जाऊ दे, सोडून देऊ. ती म्हणाली, साहेबाची नोटीस वाच. एका शब्दावर तिनं मला थांबवलं.

“धनको म्हंजे कोन वं?”

“ज्याचं देनं लागते तो. सावकारावानी.”

“अन् नाव कोनाचं हाय तिथं?”

“तुहं.”

आई जन्मभर दुसऱ्याचा कापूस वेचत आली. अडीनडीला सावकाराच्या दारी जायची. तो ओट्यावर बसलेला, ही अंगणात उभी. बस म्हणून कोणी म्हटलं नाही तिला.

“मंग तू उभी काहून राह्यली?” आई चिडलीच माझ्यावर. “पुढच्या बैठकीले मले ने.”

नेलं. आई सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली. अडत्या धावत आला.

“बाई, हे बँकवाल्यायची जागा हाय. मांगं बसा.”

“तेयचं देनं लागते, तसं माहंबी लागते,” आई म्हणाली. “मी नाही उठत.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.

“दावा सोडनार नाही,” मी म्हटलं. “घरच पाह्यजे.”

या वेळी कोणी हसलं नाही.

घर अजून मिळालेलं नाही. मिळेल की नाही, साहेबालाही सांगता येत नाही. दर बैठकीला आम्ही जातो, पहिल्या रांगेत बसतो. जो देणं लागतो त्यानं उभं राहावं. आम्ही उठणार नाही.