शेरू बाहेर आहे का आत?

काऊन बांधायचं त्याले बाहेर? चंद्रपूरले माहा शेरू माह्या खाटेखाली झोपते. शनिवार-रविवार त्यालेही मोकळी हवा भेटन म्हणून शेजाऱ्याच्या गाडीनं माहेरी चिमूरकडे घेऊन गेली, तं माह्या लहान भावानं, वामननं, त्याले सरळ अंगणातल्या खुट्याले बांधलं.

मी म्हणली, "अरे, परवाच बिबट्यानं गल्लीतला कुत्रा नेला ना?"

"म्हणूनच बाहेर पाहिजे, बाई. कुत्रा भुकला की आमाले समजते बिबट आला. आम्ही दार लावून घेतो."

"आन् कुत्र्याचं काय?"

वहिनी हसली. "तुमचा शेरू का इथी पाहुणा म्हणून आला?"

हो, पाहुणाच! मी भांडून त्याले आत घेतलं.

पण आज शेजाऱ्याची गाडी तिकडूनच नागपूरले गेली. बसवाला म्हणे, कुत्रा चालत नाई. उद्या सकाळी खानावळीच्या पोळ्या माह्याच हातच्या, थांबता येत नव्हतं. शेरूची साखळी वामनच्या हाती देऊन एकटी आली. बस निघाली तं तो साखळी ताणून रडून राह्यला होता.

आता अंधार पडून राह्यला. वामन फोन उचलत नाई, मेसेज मात्र वाचते.

गावच्या ग्रुपवाल्यांनो, तुमच्यापैकी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन पाहा. माह्या जिवाले चैन नाई.

वामन, तूही वाचूनच राह्यला असशीन. तू दार लावलं असशीनच. शेरू दाराच्या कोणत्या बाजूले आहे, ते मले सोमवार उजाडायच्या आत सांग.