पांढऱ्या रंगाखालचं जहाज

जहाज माझ्या टेबलावर आडवं पडलं होतं आणि फोरमन मुखर्जीबाबू त्याच्याभोवती फेऱ्या मारत होते.

"कितना दिन लगेगा?"

"पहले देखने तो दो, साहब."

"देखना क्या है? टूटा हुआ जोड़ो, ऊपर से दो हाथ सफेद मारो. खतम. दस दिन में बड़ा साहब का इन्स्पेक्शन है."

मी गोंदियाच्या रेल्वे कॅरेज शेडमध्ये पेंटर होतो. त्या काळात पेंटर म्हणजे नुसता रंगारी नव्हे. डब्याची फळी सडली तर ती बदलणं, सांधा भरणं, घासणं, आणि शेवटी रंग मारून त्यावर अक्षरं काढणं, हे सगळं एकाच माणसाकडे असे. म्हणून सगळे मला मिस्त्रीच म्हणत. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात मोडत होतो.

हे जहाज रेल्वे इन्स्टिट्यूटमधलं. इन्स्टिट्यूट म्हणजे स्टाफचा क्लब. तिथं बिलियर्डच्या टेबलाशेजारी, काचेच्या पेटीत एक लढाऊ जहाजाचं मॉडेल होतं. कोण्या इंग्रज साहेबानं ते आणलं आणि जाताना इथंच ठेवून गेला, एवढंच लोकांना माहीत. त्या पावसाळ्यात माकडांनी छतावरचं कवेलू, म्हणजे कौल, सरकवलं. ते थेट पेटीवर आलं. काच फुटली, मोठी डोलकाठी मोडली, तोफा गळून पडल्या. वर महिनाभर पाणी गळत राहिलं.

लांबी बरोबर सहा फूट. पुढं मी मापं घेतली तेव्हा कळलं की खऱ्या जहाजाचे चार फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच, या हिशेबानं ते केलं होतं. याला स्केल म्हणतात. या स्केलनं तुम्ही-आम्ही दीड इंचाच्या आतच भरतो.

पांढरा रंग मारायला माझी ना नव्हती. पण जुना रंग फुगलेला होता. फुगलेल्या रंगावर नवा रंग टिकत नाही, महिनाभरात पापडासारखा सुटतो. खरवडणं भाग होतं. डब्याला आम्ही लोखंडी पट्टीनं खरवडतो. इथं कठडा सुतळीएवढ्या जाडीचा. मी बांबूच्या काड्या तासून घेतल्या, काचेचे तुकडे घेतले, आणि वीतभर भागापासून सुरुवात केली.

पहिला थर पांढरा. त्याखाली पुन्हा पांढरा. दर मोठ्या साहेबाच्या भेटीला कोणीतरी हात मारून गेलं असणार. तिसरा थर हिरवट. आणि सगळ्यात खाली, पातळ, एकसारखा, ब्रशची एकही रेघ न दिसणारा करडा रंग.

त्या करड्या थराशी पोचलो आणि मला खुर्ची ओढून बसावं लागलं. पांढऱ्याखाली जे नुसते उंचवटे वाटत होते, ते खिळे होते. लोखंडी पत्र्यांचे सांधे जोडणारे रिव्हेट, प्रत्येक मोहरीहून लहान, ओळीत. डेकवरची फळी न् फळी वेगळी बसवलेली. नांगराच्या साखळीची कडी न् कडी सुटी हलत होती. मी वीस वर्षं लाकडात काम केलं होतं. माझा हात चांगला आहे असं लोक म्हणत, आणि मलाही तसं वाटत असे. त्या दिवसापासून मी तसं म्हणणं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी डेकच्या मधोमध एक सरळ फट दिसली. केसाएवढी. लाकूड तडकलं की फट वाकडी जाते, ही काटकोनात वळत होती. मी पातळ पातं घातलं आणि हळूच वर उचललं. हातभर लांबीचा डेक झाकणासारखा निघून आला.

आत खोल्या होत्या.

झोपायच्या झोळ्या, जेवायची टेबलं, भिंतीवर पाइप, पाइपांवर चाकं. सगळ्यात खाली दोन बॉयलर, त्यांच्यासमोर उभं राहण्यापुरती जागा, आणि तिथून वर येणारी साडेतीन इंचांची शिडी. बाहेरून यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कोणा माणसानं महिनोन् महिने बसून हे केलं होतं, आणि वर झाकण लावलं होतं. मी टोपी काढून टेबलावर ठेवली. का काढली ते सांगता येणार नाही.

शेडमध्ये बातमी पसरली. दुपारच्या सुट्टीत लोक येऊन बघून जात. छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, इंजिनावरचा फायरमन सुकराम पटलेही आला. काळपट, रुंद खांद्यांचा माणूस, पस्तिशीचा. लढाईच्या काळात तो नेव्हीत होता, एवढंच मला ठाऊक होतं.

तो बराच वेळ आत बघत राहिला. मग म्हणाला, "हे शिकवाचं मॉडेल होय, मिस्त्री. नवीन पोरायले जहाज समजावाले असं ठेवत. आमचं जहाज असंच होतं. सख्खा भाऊ म्हना."

"मग रंग कोणता होता ते सांग."

"हाच. करडा. पांढरं जहाज लढाईत दुरून दिसते."

"तू कुठं असायचास?"

त्यानं बॉयलरकडे बोट केलं. "इथं. कोळसा नव्हता, तेल जळे. म्या आन् माह्या गावचा दौलत. दोघं संगंच भरती झालो होतो."  मग त्यानं विचारलं, "झाकन कवा लावनार?"

"शनिवारी."

"सोमवारी लावान काय? इतवारी एका मानसाले आनतो."

मी हो म्हटलं. आतलं काम तसंही बाकी होतं. मोडलेली डोलकाठी मी हळदूच्या लाकडाची केली. आपल्या जंगलातलं लाकूड, बारीक पोताचं, लेथवर सुरेख उतरतं. तोफांच्या नळ्या पितळेच्या कातून घेतल्या. राहिली ती आतली शिडी. पाण्यानं सरस सुटला होता आणि बऱ्याच पायऱ्या तळात सांडून हरवल्या होत्या. सात पायऱ्या चटकन बसल्या असत्या, अंतरही बरं दिसलं असतं. झाकणाखाली कोण मोजणार? पण भिंगातून पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर खाचा नऊ होत्या. ज्यानं हे जहाज केलं त्या माणसापुढं सातची शिडी लावायची मला लाज वाटली. मी नऊ केल्या.

रविवारी शेड बंद होती. सुकराम तिरोड्याहून सकाळच्या पॅसेंजरनं एका म्हातारीला घेऊन आला. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली तिची धानाची शेती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायात काही नाही, ताठ चालणारी. दौलतची आई. दौलत लढाईत गेला होता. घरी एक कागद आला होता, त्यात जहाजावर मेला असं लिहिलं होतं. त्यापलीकडं तिला काही माहीत नव्हतं.

मी तिला स्टूल दिलं. ती बसली नाही.

"हे होय काय? एवढुसं?"

"मोठं होतं, काकी," सुकराम म्हणाला. "आपल्या गावाच्या या टोकापासून पाटलाच्या घरापर्यंत."

तिनं वाकून आत पाहिलं. "जेवे कोठं?"

त्यानं टेबल दाखवलं.

"निजे कोठं?"

त्यानं झोळी दाखवली. तिनं बोटानं झोळी हलवली. ती झुलली तशी म्हातारी जरा हसली. "लहानपनीबी त्याले पाळन्याबिगर झोप येत नव्हती." मग म्हणाली, "आन् मेला कोठं?"

सुकरामनं बॉयलरपुढची जागा दाखवली.

"मी कागद आला तवा तुले इचारलं होतं. तू म्हनला, मले मालूम नाई, म्या दुसरीकडं होतो."

"खोटं बोललो, काकी."

तो शिडीच्या वरच्या टोकाशी बोट ठेवून उभा राहिला. तिथं डेकमध्ये एक गोल झाकण होतं. त्याला हॅच म्हणतात. पोलादी असतं. बंद केलं की खालचं पाणी वर येत नाही आणि बाकीचं जहाज तरतं.

"बगलेतून मार बसला," तो म्हणाला. "पानी आत घुसलं. दिवे गेले. म्या तवाच ड्युटी संपवून वर आलो होतो, इथं उभा होतो. दौलत खाली होता. साहेबानं हुकूम देल्ला, हॅच बंद करा. म्या सर्वाईत जवळ होतो. म्याच बंद केला."

मला तिथं थांबू नये असं वाटलं. तरी मी थांबलो.

म्हातारीनं माझ्या टेबलावरची बांबूची काडी उचलली आणि शिडीच्या खालच्या पायरीला टेकवली. एकेक करत वर आली.

"नऊ," ती म्हणाली. "नऊच होत्या?"

"नऊच, काकी. अंधारातबी पायाले पाठ होत्या."

 मी सात केल्या असत्या तर?

"पानी कितव्या पायरीवर होतं?"

"सहाव्या."

"तो दिसे?"

"नाई. हाका देल्ल्या म्या. तीनदा. आवाज नाई आला."

"बंद केलं नसतं त?"

"समदेच गेलो असतो."

"तूबी?"

"म्याबी." मग त्यानं उरलेलं सांगून टाकलं. "बंदरात पोचलो तवा त्याले काढलं. तिथंच अग्नी देल्ला. कोनी नव्हतं आपलं. म्याच देल्ला."

 काडी तिच्या हातातच होती. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर त्याला शिव्या देईल. तिनं दोन्ही केलं नाही. सुकरामकडे सरळ पाहून म्हणाली,

"हुकूम होता, तू केला. अग्नीबी देल्ला. मंग इतके साल घरी काऊन नाई आला? दौलत गेला त गेला. तू त जित्ता होता. माह्या अंगनात तुले काय साप चावत होता?"

 सुकराम खाली बसला आणि तोंड हातात धरून राहिला.

"उठ," ती म्हणाली. "धान कापनीले ये. मले आता एकटीनं होत नाई."

एवढ्यात दाराशी हालचाल झाली. मुखर्जीबाबू उभे होते. इन्स्पेक्शनच्या काळजीनं रविवारीही चक्कर मारायला आले असणार. किती वेळ उभे होते कोण जाणे. मराठी त्यांना बोलता येत नसे, समजत मात्र सगळं असे. त्यांनी चष्मा पुसला, म्हातारीला नमस्कार केला आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं. या वेळी ती बसली.

जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "सफेद मत मारना."

"आपही बोले थे, साहब."

"स्टोअर में सफेद है ही नहीं." पांढऱ्या रंगाचा डबा आमच्या दोघांच्या मधेच ठेवलेला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ग्रे रखो. बड़ा साहब को हम बोल देगा."

सोमवारी मी करडा रंग कालवला. काळा, पांढरा आणि निळ्याचा एक ठिपका, जुन्या थराशी उन्हात धरून जुळवला. पातळ करून तीन हात मारले, प्रत्येक हात वाळल्यावर घासून. माझ्या ब्रशची रेघ मला शेवटपर्यंत दिसत राहिली. त्या माणसासारखं मला जमलं नाही, हे इथं लिहून ठेवतो. डेकचं झाकण मी चिकटवलं नाही, नुसतं बसवलं.

इन्स्पेक्शन झालं. मोठे साहेब इन्स्टिट्यूटमध्ये पाच मिनिटं होते. त्यातली चार बिलियर्डच्या टेबलापाशी गेली. जहाजाकडे बघून ते म्हणाले, "पहले सफेद था ना?" मुखर्जीबाबू म्हणाले, "नहीं सर, पहले से ग्रे था." साहेब पुढं गेले.

सुकराम त्या दिवाळीनंतर आठ दिवसांची रजा टाकून धान कापायला गेला. पुढं दरवर्षी जायचा. म्हातारी गेली तेव्हा तिलाही त्यानंच अग्नी दिला. काही वर्षांनी इन्स्टिट्यूटची इमारत पाडली आणि जहाज कुठल्याशा हेडऑफिसला गेलं. आता कुठं आहे, मला माहीत नाही. ज्यानं ते केलं त्याचं नावही मला कधी कळलं नाही. तळाशी, उलटं करून, भिंगानं शोधलं होतं. त्यानं लिहिलंच नव्हतं.

हाताखाली शिकायला आलेल्यांना मी एकच गोष्ट सांगत आलो. जुना रंग खरवडताना घाई करू नका, आणि खाचा मोजल्याशिवाय पायऱ्या बसवू नका.